दोन मीटरवरची मुंबई

गुरुवार : गिरगाव आणि चर्चगेट

श्रावण निम्मा सरला असताना सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मी मुंबईला गेले, ते रस्त्यावरचे छायाचित्रण, म्हणजे आपण ज्याला सरसकट स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतो ते, एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावे म्हणून. शिकवणारे सर एका वृत्तपत्रातून निवृत्त झालेले छायाचित्रकार असून गिरगावातल्या एका जुन्या चाळीत राहतात. आम्ही शिकणारे तिघे होतो : मी, वास्तुकला शिकणारा नाशिकचा एक तरुण आणि बँकेतून निवृत्त झालेल्या ठाण्याच्या एक काकू.

चहा होताच सरांनी तिघांचेही कॅमेरे मागून घेतले, त्यांचा स्वयंचलित फोकस बंद केला आणि तो दोन मीटरवर बांधून टाकला. माझा कॅमेरा रिको जीआर आहे. त्याची लेन्स १८.३ मिलिमीटरची, म्हणजे फिल्मच्या कॅमेऱ्यातल्या २८ मिलिमीटरइतकी रुंद दिसणारी. अशा लेन्सचे छिद्र, म्हणजे तिच्यातून प्रकाश आत येण्याची वाट, एफ ८ इतके लहान ठेवून फोकस दोन मीटरवर बांधला, तर साधारण एक मीटरपासून थेट रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. त्यामुळे बटण दाबताना कॅमेरा क्षणभरही अडत नाही. पण सरांचा हेतू निराळाच होता. झूम नाही आणि फोकसही हलत नाही, अशा कॅमेऱ्याला समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहायचे हे ठरवता येत नाही. ते आपल्या पायांनीच ठरवावे लागते. त्यांनी शिंप्याकडची मोजपट्टी काढून चाळीच्या गॅलरीत एक, दोन आणि तीन मीटरवर खडूच्या रेघा मारल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या शेजाऱ्यांकडे पाहत, कॅमेरा न उचलता, अंतर तोंडाने सांगायला लावले. दळण घेऊन निघालेले काका, शाळेतून लवकर सुटलेली दोन मुले, वाळत घातलेले कपडे पावसाच्या भीतीने गोळा करणारी सून, असे सगळे आमच्या अभ्यासाला आले. तासाभराने दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्यांत बसले. हे अंतर अपेक्षेपेक्षा बरेच जवळचे असते. दोन मीटरवरून माणसाच्या शर्टाचे तुटलेले बटण दिसते, आणि त्यालाही आपण त्याच्याकडे पाहतो आहोत हे स्पष्ट कळते.

अकराच्या सुमारास आम्ही चर्चगेट स्थानकाबाहेर पोहोचलो. साडेअकराच्या आसपास तिथे डबेवाले उतरतात, पदपथावर डबे मांडतात, झाकणांवरच्या खुणा पाहून ते कार्यालयांनुसार वाटून घेतात आणि काही मिनिटांत पांगतात. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय आजही मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर या भागांतल्या माणसांच्या हातात आहे. सरांनी आम्हांला एकच सूचना दिली होती : त्यांच्या वाटेत उभे राहायचे नाही. ती पाळणे सोपे नव्हते, कारण डोक्यावर लांब लाकडी पाटी घेतलेल्या माणसाची वाट कुठून जाणार हे आधी ओळखावे लागते. "ताई, बाजूला व्हा, टाइम नाय," असे एकाने न थांबता सांगितले, तेव्हा मी खांबाला टेकले आणि तिथूनच पाहत राहिले. टेकून उभे राहिल्यावर त्यांच्या कामाची लय कळू लागली : कोण ओणवा होतो, कोण डबा फेकल्यासारखा सरकवतो, कोणता माणूस बोलता बोलता शेजाऱ्याची टोपी नीट करतो. टोपी नीट करण्याचा तो क्षण मला मिळाला, आणि तो खांबामुळे मिळाला असे मी मानते.

जाणाऱ्यांसाठी इतकेच सांगते की डबेवाल्यांची छायाचित्रे काढायची असल्यास अकरालाच जाऊन जागा धरावी आणि त्यांना थांबवून उभे करू नये. गप्पा मारायच्या असतील तर डबे पोहोचवून झाल्यावर, दुपारी, ते जेवायला बसतात तेव्हा निवांत बोलतात. स्थानकाच्या आतले नियम रेल्वेचे असतात, म्हणून आम्ही बाहेरच राहिलो.

शुक्रवार : ससून डॉक

पहाटे साडेचारला गिरगावातून निघालो, तेव्हा पाऊस नव्हता, पण हवा इतकी दमट होती की टॅक्सीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरले. ते पुसत बसू नये. कॅमेरा पिशवीबाहेर ठेवून दहा मिनिटे थांबले की आपोआप निघून जाते. ससून डॉक ही अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये उभारलेली गोदी आजही मुंबईतल्या मासळीच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. गोदीचा परिसर संरक्षित असून आत छायाचित्रणावर निर्बंध आहेत, त्यामुळे सरांनी परवानगी आधीच काढून ठेवली होती. वाचकांनीही आधी चौकशी केल्यावाचून कॅमेरा बाहेर काढू नये. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गोदीत जाण्यात फारसे हाशील नाही.

बंदी उठून थोडेच दिवस झाले असल्याने बोटी भरून येत होत्या. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, टोपल्या हातोहात वर फेकणारे खलाशी, लिलावाचे आकडे, आणि या सगळ्याच्या मधोमध जमिनीवर बसून कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा. उजेड फक्त दिव्यांचा. छिद्र एफ २.८ पर्यंत उघडावे लागले, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असणारी संवेदनशीलता, ३२०० वर गेला आणि स्पष्ट येणारा पल्ला आक्रसून जेमतेम दीड ते तीन मीटरांवर आला. दिवसाउजेडी जी मोकळीक असते ती पहाटे राहत नाही. अंतर चुकले की चित्र गेले.

गोदीच्या कडेला लांबलचक लेन्स घेतलेली पर्यटकांची एक तुकडी उभी होती आणि तिथूनच कोळणींचे चेहरे टिपत होती. त्यांची चित्रे कदाचित सुंदर आली असतील. मात्र ज्यांचे चेहरे टिपले जात होते त्या बायका अधूनमधून त्या दिशेने पाहून पदर ओढून घेत होत्या, हे मला दोन मीटरवरून दिसत होते. दूर उभे राहिल्याने समोरच्याला त्रास होत नाही ही समजूत मी सांगलीहून बरोबर आणली होती. ती त्या पहाटेनंतर माझ्याजवळ राहिली नाही. लांबून रोखलेली लेन्स माणसाला बोलण्याची संधीच देत नाही. जवळ उभ्या असलेल्या बाईला "नको" म्हणता येते, आणि ते तिला म्हणता यावे हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मला तर नुसते "नको" नव्हे, पुष्कळच ऐकायला मिळाले. पापलेटची टोपली पुढ्यात घेतलेल्या एका मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "काय गो बाय, फोटो कशाला काढतेस? म्हावरं घे ना." आमच्या घरी श्रावण पाळतात असे सांगताच त्या मोठ्याने हसल्या. श्रावणात गिऱ्हाईक कमी, माल मात्र भरपूर, त्यामुळे भाव कसा पडतो आणि हॉटेलवाल्यांना तो कसा स्वस्तात मिळतो, हे त्यांनी मला हातवारे करून समजावले. त्यांच्या आजीसासूही याच गोदीत बसत असत. बोलता बोलता त्यांचे हात टोपलीत बर्फ सारत होते, आणि कॅमेरा माझ्या छातीशी होता. त्यांनीच मग विचारले, "काढलास का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी नथ सारखी केली, पण मी थोडी थांबले. शेजारणीने काहीतरी म्हटले, त्या तिच्याकडे वळून ओरडल्या, हातातला बर्फ उडाला, आणि तेव्हा मी बटण दाबले. नथ सारखी करून बसलेले चित्रही मी नंतर काढले, कारण ते त्यांना हवे होते.

बाहेर पडताना अंगाला, बुटांना आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला मासळीचा वास होता. जुने रबरी बूट किंवा पावसाळी चपला घालाव्यात, जमीन फार निसरडी असते. पाठीवरची मोठी बॅग टाळावी, कारण मागून येणाऱ्या टोपल्यांना तिचा अडथळा होतो.

दुपारी धोबी तलावाजवळच्या कयानी या १९०४ सालच्या इराणी हॉटेलात बन मस्का आणि चहा घेत सरांनी आमची चित्रे पाहिली. त्यांची पद्धत अशी की चित्र चांगले की वाईट हे ते सांगत नाहीत; "इथे तू कुठे उभी होतीस?" एवढेच विचारतात. उत्तर देताना आपल्यालाच कळते की अर्धे पाऊल डावीकडे सरकले असते तर मागचा खांब डोक्यातून उगवला नसता, किंवा गुडघे वाकवले असते तर टोपलीच्या कडेमागून चेहरा वर आला असता. मग त्यांनी स्वतःच्या झोळीतून एक जुना छापील फोटो काढला : १९८२ च्या गिरणी संपातले एका फाटकासमोरचे कामगार. चौकटीच्या कडेला एका कामगाराचा खांदा धूसर आणि मोठा दिसतो, इतके ते त्या गर्दीच्या आत होते. कित्येक आठवडे रोज त्या फाटकावर जाऊन उभे राहिल्यावर कामगारांनी त्यांच्याकडे पाहणे सोडून दिले, त्यानंतरचा हा फोटो. महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे ज्यांनी छायाचित्रांतून समोर आणले त्या छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचा विषय यावरूनच निघाला. असे काम एका सकाळीत होत नाही. ज्या वस्तीत आपण पुन्हा जाणार नाही तिथल्या दुःखाची चित्रे काढण्याचा मोह आवरावा, असे सरांचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्ण पटते.

शनिवार : पाऊस, दादाभाई नौरोजी मार्ग, तांबाकाटा

सकाळपासून मुसळधार. माझा कॅमेरा पाऊसरोधक नाही, पण दादाभाई नौरोजी मार्गावर जुन्या इमारतींच्या कमानींखालून पदपथ जातो, त्यामुळे कोरडे राहून अख्खा पाऊस पाहता येतो. पावसाळ्यात मुंबईचा उजेड मऊ होतो, चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडत नाहीत आणि ओला डांबरी रस्ता दिवे, छत्र्या, लाल बस सगळे खालून पुन्हा दाखवतो. एफ ८, आयएसओ १६००, शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतके. एवढे बांधून मी एका कमानीत दीड तास उभी राहिले. रस्ता ओलांडणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकजण कमानीत शिरताना छत्री मिटून झटकतो, आणि त्या झटक्याबरोबर त्याचा चेहरा मोकळा होतो. कार्यालयात पोहोचण्याची घाई त्या एका क्षणापुरती निघून जाते. एकदा हे लक्षात आल्यावर मी फक्त त्याच क्षणाची वाट पाहिली.

नाशिकच्या मित्राला सगळे कृष्णधवल करायचे होते. सरांनी त्याला रघुबीर सिंग यांची आठवण करून दिली. १९४२ मध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकाराने जगभर कृष्णधवलाचा दबदबा असताना आयुष्यभर रंगांत काम केले, मुंबईवरही केले. भारतीय नजर रंगांतूनच पाहते अशी त्यांची धारणा होती. निळ्या ताडपत्रीखाली बसलेला पेरूवाला समोर असताना रंग काढून टाकल्यास चित्रात काय उरेल, हा प्रश्न मलाही पडला. माझ्यापुरते उत्तर असे की पावसाळी मुंबईत रंग ठेवावेत.

पुढे सर जे. जे. कलाशाळेच्या फाटकाशी आम्ही थांबलो. नवसारीला १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरलेल्या होमाई व्यारावाला इथे शिकल्या. १९३० च्या दशकात त्या कॅमेरा घेऊन मुंबईत फिरत असत, आणि सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. बाई हातात कॅमेरा घेऊन रस्त्यात उभी आहे याचे लोकांना वाटणारे नवल अजून पुरते गेलेले नाही, हे ठाण्याच्या काकूंनी आणि मी दोघींनी अनुभवले. पण त्या नवलाचा उपयोगही होतो : लोक आपणहून बोलायला येतात, आणि बायका तर विशेष मोकळेपणाने.

मुंबईत छायाचित्रणाची परंपरा किती जुनी आहे हेही त्या फाटकाशी उभे असताना निघाले. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या आपल्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या वेळी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या, रसायन लावलेल्या ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, म्हणून चालणारी माणसे काचेवर धूसर उमटत किंवा उमटतच नसत. जुन्या चित्रांतले भरवस्तीतले रस्ते रिकामे दिसतात ते बऱ्याचदा यामुळे. आज ज्याच्यासाठी आपण रस्त्यावर जातो, ती चालती माणसे, तेव्हाच्या कॅमेऱ्याला दिसतच नव्हती.

दुपारी पाऊस ओसरल्यावर तांबाकाट्याला गेलो. तांब्यापितळेच्या दुकानांबाहेर टांगलेल्या घंगाळांत आणि कळशांत सगळा रस्ता वाकडा होऊन दिसतो. हमालांच्या हातगाड्या "बाजू, बाजू" करत इतक्या जवळून जातात की तिथे दोन मीटर अंतर मिळतच नाही, म्हणून फोकस एका मीटरवर आणला. एका दुकानदाराने आम्हांला आत बसवून चहा पाजला आणि भांडे वाजवून त्याचा कस कसा ओळखतात ते दाखवले.

पावसात जाणाऱ्यांनी जवळ दोन सुती रुमाल, सिलिका जेलच्या पुड्या आणि न्हाणीघरात वापरतात ती प्लॅस्टिकची टोपी ठेवावी. ती कॅमेऱ्यावर नेमकी बसते. रात्री कॅमेरा बंद पिशवीत न ठेवता पंख्याखाली उघडा ठेवावा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

रविवार : लालबाग

गणपती जवळ आलेले, त्यामुळे लालबाग-परळचे कारखाने रंगाच्या वासाने भरलेले होते. एका कारखान्यात सरांची जुनी ओळख होती. मालकांनी आत घेतले आणि एकच अट घातली : डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्तीच्या चेहऱ्याचे छायाचित्र काढायचे नाही. ही अट कोणत्या नियमातली असे विचारण्याचे कारण नव्हते. मंडळांचे मुखदर्शन ठरलेल्या दिवशी होते, आणि त्याआधी चेहरा बाहेर जाऊ नये असे मंडळांनाही वाटते.

चेहरा वर्ज्य झाल्यावर नजर हातांकडे गेली. बांबूच्या परांचीवर बसलेला एक कारागीर आखणी करत होता. श्वास रोखून एक रेघ, मग ब्रश खाली, मग पुन्हा श्वास. परांचीखाली उभे राहून मी त्याचे मूर्तीच्या भुवईपाशी थांबलेले मनगट, ब्रश पुसायचे फडके, आणि पायाशी झोपलेल्या मांजराच्या अंगावर उडालेला सोनेरी रंग टिपला. तिथे मला अट पाळल्याचा लाभच झाला. चेहरे मोकळे असते तर मी त्यांतच अडकले असते. त्याने उतरल्यावर स्वतःहून सांगितले की आखणीच्या दिवशी तो सकाळी चहाही घेत नाही, हात कापतो म्हणून.

चिवडा गल्लीतून दोन पुड्या घेतल्या, मिरची गल्लीत शिंका देत फिरलो आणि परतलो.

सोमवार : दादर

शेवटचा दिवस श्रावणी सोमवार, आणि दुसऱ्या दिवशी मंगळागौर. दादर पश्चिमेच्या फूलबाजारात पहाटे साडेचारलाही चालायला जागा नव्हती. झेंडू, शेवंती, निशिगंध यांचे ढीग आत. बाहेर रस्त्याच्या कडेला बेल, दूर्वा, आघाडा, पत्रीचे वाटे आणि केळीची पाने घेऊन पालघर, कसारा भागातून रात्रीच आलेल्या बायका. त्यांच्याकडे कंटोली आणि इतर रानभाज्याही होत्या. गर्दीत नीट काम करायचे असेल तर पाचच्या आधी पोहोचावे. सात वाजेपर्यंत घाऊक व्यवहार आटोपतो. सुटे पैसे जवळ असावेत, कारण इथे विकत घेणारा माणूस हाच खरा पाहुणा, आणि काही घेतल्यावर बोलणे सोपे जाते.

पत्रीचे वाटे लावत बसलेल्या एका बाईंना मी कॅमेरा दाखवून मानेनेच विचारले. "काढा ताई, पण आधी भवानी होऊ दे," त्या म्हणाल्या. मी बाजूला पायरीवर बसले. पहिले गिऱ्हाईक आले, त्यांनी नोट कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मला हाक मारली, "आता या." तोवर उजाडले होते, ताडपत्रीतून निळसर उजेड त्यांच्या हातांवर पडत होता. मी तासभर तिथे होते; मधूनच त्या मला वाटे मोजायला लावत होत्या, आणि गिऱ्हाईक आले की मी सरकत होते.

सरांनी शिकवल्याप्रमाणे निघण्याआधी मी त्यांना पडद्यावर चित्रे दाखवली. एकात त्या मान मागे टाकून, डोळे मिटून, हातात बेलाची जुडी तशीच धरून दोन क्षण विसावल्या होत्या. त्या सगळ्या दिवसांत काढलेल्या चित्रांत मला ते सर्वांत आवडले होते. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "हा नको. यात मी दमल्यावानी दिसते. गावाकडं पोरी बघतील." दुसऱ्या एका चित्रात त्या गिऱ्हाइकाला वाटा देताना हसत होत्या, तो ठेवा म्हणाल्या. पहिले चित्र मी त्यांच्यासमोरच पुसून टाकले.

दादरच्या प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घेताना ही गोष्ट सरांना सांगितली. त्यांनी त्या बाईंची बसण्याची जागा तेवढी विचारून घेतली. हसऱ्या चित्राच्या दोन प्रती मी सांगलीत छापून सरांना टपालाने पाठवल्या, आणि पुढच्या मंगळागौरीच्या आत ते दादरला जाऊन बाईंच्या हातात देणार आहेत.